डोमेन माझ्याकडे, ट्रेडमार्क त्यांच्याकडे: यूडीआरपीची नोटीस आली आहे

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. डोमेनच्या नावावरून झालेल्या वादात इथे कुणी पडलंय का? कुणी वकील असेल किंवा रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीत, नोकरीला असेल तर फारच बरं.

प्रकरण असं आहे. माझ्याकडे एक डॉट कॉम आहे. नाव इथे लिहीत नाही, पण शब्दकोशात सहज सापडेल असा साधा इंग्रजी शब्द आहे आणि त्याचा आकाशाशी थेट संबंध आहे. त्या साइटवर मी आकाशनिरीक्षणाच्या नोंदी, नकाशे आणि दुर्बिणींवरचं लेखन टाकतो. एका सॉफ्टवेअर कंपनीचा याच शब्दावर २०१४ पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. त्यांनी आता वायपोकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या बौद्धिक संपदा संघटनेकडे, यूडीआरपीखाली (डोमेनच्या वादांसाठी ठरलेल्या पद्धतीने) तक्रार केली आहे की डोमेन आमच्या नावावर करून द्या. तक्रारीची पीडीएफ आणि परिशिष्टांचा गठ्ठाच ईमेलने येऊन पडलाय.

हूइझमध्ये (डोमेन नोंदणीची सार्वजनिक माहिती) डोमेनची निर्मिती २००६ ची दिसते, म्हणजे त्यांच्या ट्रेडमार्कच्या बरीच आधीची. मी ते २०१८ मध्ये आधीच्या मालकाकडून विकत घेतलं. एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं ना? की ट्रेडमार्क आहे म्हणजे नाव त्यांचंच?

आणखी एक. मध्यंतरी एका दलालाचा ईमेल आला होता, ‘माझ्या ग्राहकाला हे डोमेन हवंय, किंमत सांगा.’ मी पाच आकडी डॉलर सांगून मोकळा झालो. तो ईमेल आता तक्रारीला जोडलाय, तोही पिवळ्या रंगाने रंगवून.

तिसरं_बाक

कायद्याच्या बाजूचं मी सांगतो. कागद पाहिल्याशिवाय नेमका सल्ला देता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

बाकी सगळं राहू द्या, आधी वायपोच्या ईमेलमध्ये कारवाई सुरू झाल्याची तारीख शोधा. तिथपासून उत्तराला २० दिवस मिळतात, तेही कॅलेंडरचे, सुट्ट्यांसकट. आणखी चार दिवस नुसते मागितले तरी मिळतात. त्यापुढे मात्र सबळ कारण द्यावं लागतं. उत्तर दिलं नाही म्हणून माणूस आपोआप हरत नाही, पण पॅनेलसमोर, म्हणजे निकाल देणाऱ्या तज्ज्ञांसमोर, एकाच बाजूचे कागद उरतात. पुढचं सांगायला नको.

ट्रेडमार्क आहे म्हणजे नाव त्यांचंच, असं अजिबात नाही. यूडीआरपी म्हणजे कोर्ट नव्हे. जगभरच्या डोमेन व्यवस्थेची देखरेख करणाऱ्या आयकॅनने १९९९ मध्ये केलेलं हे धोरण आहे. डोमेन घेताना रजिस्ट्रारच्या ज्या अटींवर आपण न वाचता खूण करतो, त्यांतूनच ते आपल्याला लागू होतं. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, डोमेन त्यांच्या ट्रेडमार्कशी हुबेहूब जुळतं किंवा गोंधळ उडावा इतकं सारखं आहे. दोन, तुमचा त्या नावावर हक्क नाही आणि रास्त हितसंबंधही नाही. तीन, तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवलं ‘आणि’ वाईट हेतूने वापरताय. तिन्ही गोष्टी लागतात, एक जरी हुकली तरी तक्रार फेटाळली जाते.

पहिल्या मुद्द्यावर शाई वाया घालवू नका. तिथे शब्द आणि मार्क शेजारी ठेवून पाहतात, डॉट कॉम सहसा धरतच नाहीत आणि तुमचा विषय वेगळा आहे हेही त्या टप्प्यावर कुणी विचारत नाही. तुमची लढाई दुसऱ्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर आहे.

नावाडी

डोमेन घेणं-विकणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे स्पष्ट सांगतो. २००६ वर विसंबू नका. डोमेनचं नूतनीकरण झालं तर जुनी तारीख चालते, पण मालक बदलला की पॅनेलच्या दृष्टीने नोंदणी नवी. तुमची तारीख २०१८. तेव्हा त्यांचा ट्रेडमार्क होता. ‘आम्ही आधीपासून आहोत’ हा मुद्दा उत्तरात घालाल तर समोरचा वकील पहिल्याच परिच्छेदात तो खोडेल, आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांकडेही पॅनेल संशयाने पाहील.

किमतीच्या ईमेलचा मात्र एवढा धसका घेऊ नका. नियमातलं कलम आहे ते ‘मुख्यतः ट्रेडमार्कधारकाला किंवा त्याच्या स्पर्धकाला, झालेल्या खर्चापेक्षा जास्त किमतीत विकण्याच्या उद्देशाने’ डोमेन घेतल्याबद्दल आहे. प्रश्न येतो तो घेतानाच्या उद्देशाचा. तुम्ही स्वतःहून त्यांच्या दारात गेला नाहीत. त्यांनी विचारलं, तुम्ही किंमत सांगितली. शब्दकोशातल्या शब्दाचं डोमेन महाग असतंच, आणि डोमेन विकणं हा काही गुन्हा नाही.

आता एक तपासा. परिशिष्टात दलालाचा मूळ ईमेल आहे की नुसतं तुमचं उत्तर?

कोरी_पाटी

@नावाडी, आत्ता पाहिलं. फक्त माझं उत्तर आहे! खालचा मूळ ईमेल कापलाय. पानाच्या तळाशी ‘ऑन … रोट’ची अर्धी ओळ तेवढी दिसते.

नावाडी

वाटलंच होतं. दोन्ही ईमेल पूर्ण हेडरसह जोडा, तारखा आणि वेळा दिसतील असे. त्यावर मल्लिनाथी करू नका. एकच वाक्य लिहा: ‘तक्रारीच्या अमुक परिशिष्टात हा पत्रव्यवहार अपुरा आहे, संपूर्ण पत्रव्यवहार सोबत जोडला आहे.’ पॅनेलला वाचता येतं.

शंकासुर

एवढा सरळ मामला असता तर काय हवं होतं. पॅनेलला पैसे कोण देतं? तक्रारदार. तक्रार कुणाकडे टाकायची हे कोण ठरवतं? तक्रारदार. वायपो, अमेरिकेतलं फोरम, चेक लवाद न्यायालय, आशियाई केंद्र… जिथे आपल्यासारख्यांचा निकाल लागतो तिथे माणूस जाणारच की. मग पारडं कुठे झुकणार ते उघड आहे. यजमानाच्या घरचं जेवून त्याच्याविरुद्ध निकाल कोण देईल?

तिसरं_बाक

@शंकासुर, हा आक्षेप पहिल्यापासून आहे आणि तो पोकळ नाही. तक्रारदार बहुसंख्य वेळा जिंकतात हेही खरं. पण त्यातल्या ढीगभर प्रकरणांत समोरून कुणी उत्तरच देत नाही, कारण डोमेन घेणारा चक्क भामटा असतो. नुसत्या टक्केवारीवरून पक्षपात सिद्ध होत नाही.

त्यावर उतारा नियमातच आहे. वायपोमध्ये एक ते पाच डोमेनसाठी एका सदस्याच्या पॅनेलचं शुल्क १,५०० डॉलर आहे, ते तक्रारदार भरतो. तीन सदस्यांचं ४,००० डॉलर. तक्रारदाराने एकच सदस्य मागितला असेल तरी प्रतिवादी तीन मागू शकतो, मात्र मग त्याला निम्मं शुल्क भरावं लागतं. बदल्यात तो आपल्या पसंतीची तीन नावं सुचवू शकतो. शब्दकोशातल्या शब्दाच्या वादात मी हा खर्च वाया गेला असं म्हणणार नाही. पण परवडत नसेल तर एकाच सदस्यापुढेही प्रकरण जिंकता येतं.

मुद्रांकित

मी पलीकडच्या बाजूला काम करते, म्हणजे ट्रेडमार्कधारकांच्या तक्रारी तयार करते. धाग्यात आमची बाजू कुणीतरी मांडावी म्हणून लिहितेय.

आमच्याकडे रोज काय येतं ते सांगते. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं डोमेन, त्यावर लॉगिनचं हुबेहूब पान. कंपनीच्या नावापुढे ‘करिअर’ जोडलेलं डोमेन आणि नोकरीच्या नावाखाली अनामत उकळणारे ईमेल. कधी पानावर काहीच नसतं, पण ईमेलसाठीची एमएक्स नोंद चालू असते. तिथून पुरवठादारांना ‘आमचं बँक खातं बदललंय’ अशी पत्रं जातात. वायपोकडे अलीकडे वर्षाला सहा हजारांहून जास्त तक्रारी येतात, त्यातल्या पुष्कळशा या जातीच्या असतात. कोर्टात गेलो तर भामटा कुठल्या देशात आहे हे कळेपर्यंत खाती रिकामी होतात. यूडीआरपी दोनेक महिन्यांत निकाली निघते. भरपाई मिळत नाही, वकिलाचा खर्च मिळत नाही, डोमेन रद्द किंवा हस्तांतरित एवढंच. तरीही लोक तिच्याकडे का वळतात ते यावरून समजेल.

ही सोय होण्याआधी काय चाललं होतं तेही पाहा. १९९० च्या दशकात एकाने पॅनाव्हिजन डॉट कॉम घेतलं, त्यावर पॅना नावाच्या अमेरिकन गावाचे हवाई फोटो टाकले आणि कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीकडे १३,००० डॉलर मागितले. गावाच्या फोटोंनी त्याला काही वाचवलं नाही. १९९८ मध्ये अपील न्यायालयात कंपनी जिंकली. तुमच्या साइटची आणि या ‘पॅना’ची जातकुळी एक आहे असं मी म्हणत नाही, पण आमच्या नजरेला अशा साइट्सची सवय झालेली असते. नाव पकडून ठेवायचं आणि वर तोंडदेखला मजकूर टाकायचा. तुमचा मजकूर तोंडदेखला नाही, हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

शंकासुर

@मुद्रांकित, भामट्यांना धरा, कोण नाही म्हणतंय? पण तेच जाळं आकाश बघणाऱ्यावर कशाला टाकता?

मुद्रांकित

कारण जाळं टाकणाऱ्याला कधीकधी फक्त एक महाग डोमेन दिसतं. माझ्याकडे असा अशील आला की मी विचारते, तीन मुद्द्यांपैकी तिसरा कशाने भराल? उत्तर नसेल तर विकत घ्या म्हणते. सगळे वकील असं सांगत नाहीत, हे मान्य.

लेखणीबहाद्दर

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न. माझं आडनावच एखाद्या कंपनीचं नाव असेल तर? किंवा उलट, माझ्या नावाचं डोमेन दुसऱ्याने घेतलं आणि मी काही प्रसिद्ध नाही, तर?

तिसरं_बाक

आडनावाचं गाजलेलं उदाहरण निसान डॉट कॉम. उझी निसान या गृहस्थांनी आडनावावरून १९९४ मध्ये ते डोमेन घेतलं होतं, संगणकाच्या व्यवसायासाठी. मोटार कंपनीने १९९९ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. अनेक वर्षं खटला चालला आणि डोमेन शेवटी त्यांच्याकडेच राहिलं. पण खर्च आणि मनस्ताप किती झाला याला हिशेब नाही. हे कोर्टातलं प्रकरण, यूडीआरपीतलं नव्हे. यूडीआरपीत मात्र ‘त्या नावाने तुम्ही सर्वसाधारणपणे ओळखले जाता’ हा रास्त हिताचा एक प्रकार म्हणून धोरणातच लिहिलेला आहे, ट्रेडमार्क नसला तरी.

उलट्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. नुसतं नाव असून भागत नाही, त्या नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवावा लागतो. नोंदणी नसली तरी चालते, पण लोक त्या नावाने तुमचा माल किंवा सेवा ओळखतात हे पुराव्याने दाखवायला हवं. २००० साली ज्युलिया रॉबर्ट्स या अभिनेत्रीला हे दाखवता आलं आणि डोमेन मिळालं. त्याच वर्षी स्टिंग हा गायक हरला, कारण ‘स्टिंग’ हा इंग्रजीतला साधा शब्दही आहे आणि डोमेनधारक ते टोपणनाव म्हणून वापरत होता. मॅडोनाला मात्र मॅडोना डॉट कॉम मिळालं. शब्द जुना, धार्मिक अर्थाचाही, पण तिथे डोमेनधारकाचा वापर आणि हेतू पॅनेलला पटला नाही. तेव्हा शब्द शब्दकोशात आहे एवढ्याने कवच मिळत नाही. तुम्ही तो त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने वापरताय का, ते पाहतात.

कोरी_पाटी, तुमचं बळ नेमकं इथे आहे. आकाशाशी संबंधित शब्द, आकाशाबद्दलची साइट. उत्तराचा कणा तोच ठेवा.

रात्रपाळी

मी सर्व्हर सांभाळतो, कायद्यातलं कळत नाही. पुराव्यातलं थोडं कळतं.

वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारी साइट) जाऊन २०१८ पासून दरवर्षीचा एखादा तरी स्नॅपशॉट काढा. पॅनेल स्वतःही तिथे डोकावतं, त्यामुळे मोजकेच सोयीचे स्नॅपशॉट निवडू नका. खरेदीची पावती किंवा एस्क्रोचा (त्रयस्थाकडे पैसे ठेवून केलेल्या व्यवहाराचा) कागद, त्यानंतरचे होस्टिंगचे बिल, पहिल्या लेखाचा मसुदा तारखेसकट. डोमेन विकत घेण्याआधी कुणाला लिहिलं असेल ना, ‘आकाशावरच्या साइटला हे नाव शोभेल’ असं काही? तसा एखादा ईमेल किंवा संदेश सापडला तर सोन्याहून पिवळं, कारण तो तक्रारीची चाहूल लागण्याआधीचा आहे.

आणि कृपा करून आता साइटला हात लावू नका. जाहिराती काढणं, मजकूर बदलणं, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणं, काही नाही. वायपोची पडताळणी सुरू झाली की रजिस्ट्रार डोमेन लॉक करतोच, हलवता येणार नाही. पण पान बदलणं तुमच्या हातात असतं आणि ते बदललेलं दिसतं.

नावाडी

जाहिरातींवरून आठवलं. @कोरी_पाटी, साइटवर जाहिराती कसल्या लागतात? त्यांच्या धंद्याच्या लागत असतील तर गोची आहे. ‘जाहिराती गूगल लावतो, मी नाही’ हे उत्तर पॅनेल सहसा ऐकत नाही. पानावर जे दिसतं त्याची जबाबदारी मालकाची धरतात. पार्क केलेल्या (साइट नसलेल्या, नुसत्या जाहिराती लावून ठेवलेल्या) डोमेनवर तर कित्येक जण याच एका कारणाने हरलेत. शब्द साधा, माणूस सज्जन, आणि पानावर तक्रारदाराच्या स्पर्धकांच्या लिंका.

कोरी_पाटी

नाही, जाहिराती नाहीतच. दुर्बीण विकणाऱ्यांच्या काही लिंका आहेत, लेखांमध्ये. सॉफ्टवेअरचं काही नाही.

@रात्रपाळी, मित्राला पाठवलेला एक ईमेल सापडला, २०१८ मधला. ‘नाव मिळतंय, थोडं महाग आहे, पण ताऱ्यांच्या साइटला याहून चांगलं नाव नाही.’ शिवाय खाली नकाशांच्या विभागांची कच्ची यादीही आहे.

तिसरं_बाक

हे परिशिष्ट पहिलं लावा. मग खरेदीचा कागद, मग स्नॅपशॉट, मग दलालाचा पूर्ण पत्रव्यवहार. उत्तरात पॅनेलला एकदम शब्द, अर्थ आणि वापर ही साखळी दिसली पाहिजे. वायपोच्या साइटवर उत्तराचा नमुना मिळतो, तो वापरा. शेवटचं प्रमाणपत्राचं वाक्य नियमात ठरलेलं आहे, ते तसंच्या तसं घ्या, गाळू नका. उत्तर ईमेलनेच जातं. भाषा नोंदणी कराराची, म्हणजे तुमच्या बाबतीत बहुधा इंग्रजी.

मसुदा इथे टाकलात तर पाहतो. नावं झाकून टाका.

कोरी_पाटी

दुसऱ्या मुद्द्याचा मसुदा, मराठीत करून टाकतोय:

‘तक्रारदार ही एक बलाढ्य कंपनी असून सामान्य माणसाची मालमत्ता हिसकावण्याचा तिचा हा निंद्य प्रयत्न आहे. प्रतिवादी अनेक वर्षं निःस्वार्थपणे खगोलशास्त्राची सेवा करत आहे. प्रतिवादीने तक्रारदाराचं नावही ऐकलं नव्हतं.’

तिसरं_बाक

पहिलं वाक्य काढा, दुसरं काढा. तिसरं ठेवायचं असेल तर त्याला पुरावा हवा. ‘ऐकलं नव्हतं’ असं नुसतं म्हणणारे सगळेच असतात. त्याऐवजी: ‘प्रतिवादीने डोमेन २०१८ मध्ये घेतलं ते त्याच्या शब्दकोशातील अर्थासाठी, पाहा परिशिष्ट १. तेव्हापासून साइट त्याच अर्थाने चालू आहे. पाहा परिशिष्ट ३. तक्रारदाराच्या व्यवसायाचा उल्लेख साइटवर कधीही नव्हता. तक्रारीतही तसं कुठे दाखवलेलं नाही.’ शेवटचं अर्धं वाक्य महत्त्वाचं. सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आहे, त्याची आठवण करून द्यायला संकोच नको.

धोरणात रास्त हिताचं पहिलंच उदाहरण असं आहे की वादाची सूचना मिळण्याआधी डोमेनचा प्रामाणिक व्यवसायासाठी वापर किंवा तशी ठोस तयारी. तिसरं, ग्राहकांना फसवून नफा कमावण्याचा हेतू नसलेला बिगर-व्यापारी किंवा न्याय्य वापर. तुमची साइट दोन्हींच्या उंबरठ्यावर आहे, दोन्ही सांगा.

शंकासुर

आणि उलट मागणी करा ना. रिव्हर्स डोमेन नेम हायजॅकिंग, म्हणजे तक्रारीच्या आडून डोमेन हडपणं. ईमेल अर्धा कापून लावला म्हणजे हडपण्याचाच प्रयत्न की!

मुद्रांकित

मागा, पण जपून. कापलेला ईमेल वाईट दिसतो, यात वाद नाही. आमच्या कार्यालयात असं परिशिष्ट गेलं असतं तर मी कनिष्ठ वकिलाला घरी पाठवलं असतं. पण पॅनेल हा ठपका सढळ हाताने देत नाही. तक्रार जिंकणं शक्यच नव्हतं हे तक्रारदाराला ठाऊक असायला हवं होतं, असं काहीतरी लागतं. ठपका मिळाला तरी दंड नाही. निकालात एक ओळ येते, बस.

लेखणीबहाद्दर

आणि हरले तर? वरचं कोर्ट आहे का यात?

तिसरं_बाक

अपील नाही. पण हस्तांतराचा निकाल आला तर रजिस्ट्रार कामकाजाचे १० दिवस थांबतो. तेवढ्यात योग्य कोर्टात दावा दाखल केल्याचा कागद दिला तर अंमलबजावणी थांबते. योग्य कोर्ट कुठलं? तक्रारीत ‘म्युच्युअल ज्युरिस्डिक्शन’ नावाचा परिच्छेद असतो. तक्रारदाराने तिथे रजिस्ट्रारच्या मुख्य कार्यालयाचं ठिकाण किंवा डोमेनधारकाचा नोंदवलेला पत्ता, यांपैकी एक निवडलेलं असतं. कोरी_पाटी, तो परिच्छेद आजच पाहून ठेवा. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत परदेशी वकील शोधणं म्हणजे तारांबळ.

असं उलटलेलं प्रकरण आहे. बार्सिलोना डॉट कॉम. शहराच्या नगरपालिकेने तक्रार केली आणि २००० मध्ये वायपोच्या पॅनेलने डोमेन नगरपालिकेला दिलं. डोमेनधारक अमेरिकेतल्या कोर्टात गेला, खालच्या कोर्टात हरला आणि २००३ मध्ये अपील न्यायालयात जिंकला. कोर्ट यूडीआरपीच्या निकालाने बांधलेलं नसतं.

अवांतर: हे सगळं डॉट कॉमसारख्या डोमेनचं चाललंय. देशांच्या डोमेनचे नियम वेगळे. डॉट इनच्या धोरणात वाईट हेतूने नोंदणी ‘किंवा’ वापर यांपैकी एक पुरतं. डॉट यूकेमध्ये आधी मध्यस्थाची पायरी असते. वाद आला की आधी आपल्या डोमेनचं धोरण वाचायचं.

रात्रपाळी

धागा वर आणतोय. काय झालं पुढे?

कोरी_पाटी

निकाल आला. तक्रार फेटाळली.

एकच सदस्य होता, तिघांचा खर्च मी केला नाही. पहिला मुद्दा तक्रारदाराच्या बाजूने, दीड परिच्छेदात. दुसऱ्यावर पाच पानं. मित्राला पाठवलेल्या ईमेलचा उतारा जसाच्या तसा दिलाय आणि त्याखाली लिहिलंय की वादाच्या आधीचा, वादाशी संबंध नसलेल्या माणसाला लिहिलेला मजकूर म्हणून याला वजन आहे. किमतीच्या ईमेलबद्दल म्हटलंय की चौकशी तक्रारदाराच्या बाजूने आली, रास्त हित असलेल्या माणसाने किंमत सांगितली तर त्यातून वाईट हेतू निघत नाही. तिसऱ्या मुद्द्यात शिरायची गरज नाही म्हणून तो थोडक्यात आटोपला.

हडपण्याचा ठपका मात्र ठेवला नाही. परिशिष्ट अपुरं होतं याची ‘नोंद घेतली’. पण ट्रेडमार्क हुबेहूब आहे आणि डोमेन ट्रेडमार्कनंतर घेतलेलं आहे, तेव्हा तक्रार अगदीच निराधार म्हणता येत नाही, असं मत दिलंय.

शंकासुर

अभिनंदन. पण ‘नोंद घेतली’! पुरावा कापायचा, पकडलं जायचं, आणि शिक्षा काय तर नोंद. दुसऱ्या माणसाकडे तो मूळ ईमेल नसता तर?

मुद्रांकित

अभिनंदन, कोरी_पाटी. @शंकासुर, या एका बाबतीत तुमच्या बाजूने मत देते. मी पॅनेलवर असते तर ठपका ठेवला असता. तारखांचा मुद्दा तक्रार करण्याला आधार देतो, कागद कापण्याला देत नाही.

तिसरं_बाक

मी पॅनेलशी सहमत. ठपका तक्रार करण्याबद्दल असतो आणि तक्रारीला बोट ठेवायला जागा होती. कागद कापण्याचा समाचार त्याच निकालात आणखी कडक शब्दांत घेता आला असता, एवढं म्हणेन. तो निकाल वायपोच्या साइटवर कंपनीच्या नावासकट कायमचा राहणार आहे, वकिलाच्या नावासकटही. पुढचा अशील तो वाचेल.

@कोरी_पाटी, त्यांना कोर्टाचा दरवाजा अजून उघडा आहे. मूळ ईमेल, पावत्या, स्नॅपशॉट सगळं तसंच जपून ठेवा. आणि पुन्हा कुणी दलाल विचारायला आला तर आकडा सांगण्याआधी ‘चौकशी कुणाच्या वतीने?’ एवढं विचारून घ्या.

नावाडी

किंमतही वाढवा. आता डोमेनबरोबर एक निकालही जातोय.

रात्रपाळी

रजिस्ट्रारने वादाचं लॉक काढलं का, ते पाहा. काही ठिकाणी तिकीट टाकल्याशिवाय काढत नाहीत. आणि नूतनीकरणाची तारीख कधीची आहे? कार्डाची मुदत संपलेली असेल तर ऑटो-रिन्यू चालणार नाही.

कोरी_पाटी

लॉक अजून आहे. तिकीट टाकलं. नूतनीकरण आत्ताच करून टाकलं, पाच वर्षांचं.